ब्राउझरच्या खुळेपणाची थोरवी

संगणकावर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांमध्ये सर्वांत खुळा प्रोग्रॅम ब्राउझर आहे, आणि त्याच्या खुळेपणाची थोरवी गायला कुणी पुढे येत नाही. ते काम मी करतो. बाकीचे प्रोग्रॅम ताकही फुंकून पितात. अनोळखी फाइल चालवायची म्हटली की परवानगी मागतात, पासवर्ड मागतात, लांबलचक अटींखाली ‘मान्य’ म्हणवून घेतात. ब्राउझर यांतलं काही करत नाही. पानात कुठेतरी एक ओळ असते : अमुक पत्त्यावर एक स्क्रिप्ट आहे, ती आण. ब्राउझर ती आणतो आणि चालवतो. पत्ता कुणाचा, फाइल कुणी लिहिली, काल तिच्यात काय होतं आणि आज काय आहे, याची चौकशी तो आपणहून करत नाही. शहाण्या माणसाला हे वागणं अंगावर काटा आणणारं वाटेल. मला ते गेल्या तीस वर्षांतल्या सर्वांत उपकारक वागण्यांपैकी एक वाटतं.

या खुळेपणाचा जन्मकाळ ठाऊक आहे. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तिचं नाव आधी मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. सुरुवातीला या भाषेतला मजकूर पानातच लिहावा लागे. ऑगस्ट १९९६मध्ये नेटस्केपची तिसरी आवृत्ती आली आणि स्क्रिप्टच्या टॅगला ‘एसआरसी’ हा गुणधर्म मिळाला. त्यात फाइलचा पत्ता लिहायचा, बस्स. एका साइटच्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटचं पान वाचू नये, हा नियम नेटस्केपने त्याआधीच घालून दिला होता. पण फाइल मागवून चालवण्याला त्या नियमातून सूट राहिली. फाइल जगाच्या पाठीवर कुठूनही येवो, ज्या पानाने तिला बोलावलं त्या पानाचे सगळे अधिकार तिला मिळतात. ती पानातला मजकूर बदलू शकते, फॉर्ममध्ये टाइप होणारं प्रत्येक अक्षर वाचू शकते, बटणं दाबू शकते. पाहुण्याला दारात उभं करायचं नाही, थेट घराच्या किल्ल्या द्यायच्या, असा हा कायदा आहे.

या खुळेपणाचं पहिलं अंग म्हणजे थांबणं. ब्राउझर पान वरून खाली वाचत जातो. मथळा आला, मांडला. परिच्छेद आला, मांडला. मध्येच बाहेरच्या फाइलचा टॅग आला की वाचन जागच्या जागी थांबतं. सर्व्हरचा पत्ता शोधला जातो, जोडणी होते, मागणी जाते, फाइल उतरू लागते. फाइल हातात आली तरी घाई नाही. टॅगच्या आधी मागवलेली स्टाइलशीट, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम सांगणारी फाइल, अजून आली नसेल तर ब्राउझर तिचीही वाट पाहतो, कारण स्क्रिप्टने एखाद्या चौकटीची रुंदी विचारली तर चुकीचं उत्तर जायला नको. मग फाइलमधल्या मजकुराचं व्याकरण तपासलं जातं, त्याचा बाइटकोड, म्हणजे ब्राउझरला झटपट चालवता येणारं रूप, होतो, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालतो, आणि तेव्हा कुठे पुढचा परिच्छेद वाचायला घेतला जातो. लग्नात ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ अशी हाक गेली की अख्खा मांडव अक्षता मुठीत धरून ताटकळतो, तसंच हे. मामा आल्याशिवाय पुढचं कडवं नाही.

असं का थांबायचं? कारण त्या फाइलला ‘डॉक्युमेंट डॉट राइट’ नावाचा एक जुना अधिकार आहे. तो वापरून ती पानाच्या नेमक्या त्याच जागी नवा मजकूर लिहू शकते. ती तिथे एखादा तक्ता सुरू करील, पानावर न दिसणारी एखादी टीप उघडून ती बंदच करणार नाही आणि खालचं सगळं पान त्या टिपेत गडप करील. पुढची ओळ ही पुढची ओळ राहणार आहे की नाही, हे फाइल चालून संपेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ब्राउझर अंदाज बांधत नाही, थांबतो. पान लिहिणाऱ्याला त्याने दिलेला हा शब्द आहे : ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने चालवीन. आधी लायब्ररी, मग तिचा वापर करणारी फाइल, मग त्या वापरावर उभं असलेलं बटण. ज्याला समांतर कामं, रांगा, कुलपं यांतलं काही ठाऊक नाही, तोही या एका शब्दावर विसंबून चालणारं पान लिहू शकला. वेबवरचे निम्मे कारागीर असेच घडले. कुणाच्या तरी पानाचा सोर्स उघडायचा, दोन ओळी उचलायच्या, आपल्या पानात डकवायच्या, आणि चालल्या की आनंदाने उडी मारायची. जगात दुसरी कुठलीही प्रोग्रॅमिंगची शाळा इतकी स्वस्त आणि इतकी उघडी नव्हती.

या थांबण्याची किंमत वापरणाऱ्याने मोजली, हे खरं आहे. जुने ब्राउझर स्क्रिप्ट उतरत असताना बाकीच्या फायलीही अडवून धरत. स्टीव्ह साउडर्स यांनी २००७मध्ये ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ या पुस्तकात स्क्रिप्ट पानाच्या तळाशी ठेवण्याचा सल्ला दिला आणि वर्षानुवर्षं जगभरच्या प्रोग्रॅमरांनी तो पाठ केला. २००८-०९च्या सुमारास ब्राउझरांनी एक नामी उपाय काढला. मुख्य वाचन थांबलेलं असताना एक हलकं वाचन पुढे धावत जातं, पुढे कोणत्या फायली लागणार ते टिपतं आणि त्यांची मागणी आधीच नोंदवून ठेवतं. त्यातून वाट पाहण्याचा वेळ कमी झाला, पण एकही ओळ क्रम मोडून चालवली गेली नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही आणि तरीही वाचकाला कमीत कमी ताटकळत ठेवायचं, या खटपटीला मी कारागिरी म्हणतो.

ज्याला थांबायला नको आहे त्याने तसं सांगावं, एवढीच ब्राउझरची अपेक्षा असते. टॅगमध्ये ‘डिफर’ लिहिलं की फाइल बाजूला उतरत राहते, पान पूर्ण वाचून होतं, आणि मग अशा सगळ्या फायली लिहिलेल्या क्रमाने चालतात. ही सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत १९९७मध्ये आली. ‘असिंक’ लिहिलं तर जी फाइल आधी येईल ती आधी चालेल, क्रमाची हमी नाही. पाहुण्यांची मोजणी करणाऱ्या, कुणावरही अवलंबून नसलेल्या फाइलला ते पुरतं. न विचारता शब्द मोडण्याची वेळ फार क्वचित आली. डिसेंबर २०१६मध्ये क्रोमच्या ५५व्या आवृत्तीने ठरवलं की टूजी जोडणी असेल आणि दुसऱ्या साइटवरची स्क्रिप्ट डॉक्युमेंट डॉट राइटने मध्येच घुसवलेली असेल, तर तिच्यासाठी थांबायचं नाही. कारण सरळ होतं. अशा जोडणीवर माणूस कोऱ्या पानाकडे बघत बसायचा. हा अपवाद करतानाही किती अटी घातल्या होत्या ते पाहिलं की कळतं, की शब्द मोडणं त्यांना किती जड गेलं असेल.

खुळेपणाचं दुसरं अंग म्हणजे विश्वास. दुसऱ्या साइटवरची माहिती वाचता येत नाही, पण दुसऱ्या साइटवरची स्क्रिप्ट चालवता येते, हे प्रोग्रॅमरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी माहितीलाच स्क्रिप्टचे कपडे चढवले. २००५मध्ये या युक्तीला ‘जेसनपी’ असं नाव मिळालं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा नकाशा, हवामान, ताज्या बातम्या आपल्या पानात आणण्याची रीतसर वाट तेव्हा नव्हती. या खुळ्या वाटेने ती सगळी माहिती आली. खडू-फळ्याची शाळा असो की दोन खोल्यांचं दुकान, एक ओळ डकवली की त्यांच्या पानावर फिरता नकाशा दिसू लागला. वाटाघाटी नाहीत, बहुधा खर्चही नाही.

मराठी माणसाने तर या विश्वासाचं ऋण मानायला हवं. ज्या काळात घरच्या संगणकावर मराठी की-बोर्ड बसवणं ही मोठी खटपट होती, त्या काळात ‘गमभन’सारखी जावास्क्रिप्टमधली सोय मराठी संकेतस्थळांनी आपल्या पानांत घेतली आणि मराठी टाइप होऊ लागली. तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. रोमन ‘के’ची कळ दाबली की स्क्रिप्ट ती कळ ब्राउझरच्या हातून काढून घेते आणि चौकटीत पाय मोडलेला ‘क्’ ठेवते. पाठोपाठ ‘ए’ची कळ दाबली की ती मागे वळून तो ‘क्’ उचलते, त्याचा हलन्त पुसते आणि पूर्ण ‘क’ ठेवते. आणखी एकदा ‘ए’ दाबली की काना लागून ‘का’. ही सगळी उलथापालथ दोन कळांमधल्या क्षणात होते आणि लिहिणाऱ्याला फक्त आपली भाषा उमटताना दिसते. आज मराठी विकिपीडियाच्या संपादन चौकटीत ‘अक्षरांतरण’ निवडलं की हेच घडतं. दुबईतल्या नोकरदाराने, न्यू जर्सीतल्या आजोबांनी, कॉलेजच्या लॅबमध्ये बसलेल्या मुलीने काहीही इन्स्टॉल न करता, संगणकाच्या मालकाची परवानगी न मागता मराठीत लिहिलं, कारण ब्राउझरने आलेल्या फाइलला ‘तू कोण?’ असं विचारलं नाही. एखाद्या शहाण्या प्रोग्रॅमने विचारलं असतं, आणि ती मुलगी रोमन लिपीतच मराठी लिहीत राहिली असती.

तिसरं अंग क्षमेचं. फाइल सापडली नाही, तर ब्राउझर तशी नोंद करतो आणि पुढे वाचू लागतो. फाइलमध्ये एक कंस राहून गेला, तर ती फाइल बाद होते. शेजारची चालते, पान दिसतं. टॅग ओळखीचा नाही, तर त्याच्यातला मजकूर तसाच मांडला जातो. सर्व्हरने स्क्रिप्टला चुकून साधा मजकूर म्हटलं तरी, साइटने वेगळी ताकीद दिली नसेल तर, ब्राउझर ती चालवून घेतो. या पदरात घेण्याला शिस्तीची माणसं फार वैतागली, आणि त्यांनी एक शहाणा पर्याय तयार केला. पानं लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेचं कडक रूप म्हणून जानेवारी २०००मध्ये एक्सएचटीएमएल हे मानक आलं. ते त्याच्या शुद्ध रूपात पाठवलं तर नियम एकच : एक टॅग बंद करायचा राहिला की पान संपलं. वाचकाला लेखाऐवजी चूक झाल्याचा संदेश दिसायचा. डॉक्युमेंट डॉट राइट तिथे चालतच नव्हतं. तर्काच्या दृष्टीने ही रचना निर्दोष होती. पण पान लिहिणाऱ्याच्या चुकीची शिक्षा ते वाचायला आलेल्या माणसाला होत होती, आणि त्या बिचाऱ्याचा काही अपराध नव्हता. २००४मध्ये अॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी वेगळा गट काढून जुन्या, ढिल्या एचटीएमएलचीच नीट मांडणी करायला घेतली. ब्राउझर चुका नेमक्या कशा पोटात घालतो, हे त्यांनी पायरीपायरीने लिहून काढलं, म्हणजे सगळे ब्राउझर एकाच पद्धतीने क्षमा करतील. एक्सएचटीएमएलची दुसरी आवृत्ती २००९मध्ये सोडून देण्यात आली. शिस्त हरली, दया जिंकली, आणि दयेचीही पद्धतशीर नियमावली झाली.

चौथं अंग आहे न विसरण्याचं. १९९५मध्ये ज्या ब्राउझरांना स्क्रिप्टचा टॅग माहीतच नव्हता, ते आतला मजकूर पानावर छापून टाकत. म्हणून लोक स्क्रिप्टला एचटीएमएलच्या टिपेच्या खुणांमध्ये गुंडाळत. ते ब्राउझर कधीच अस्तंगत झाले, पण त्या खुणा असलेली पानं उरली आहेत, म्हणून आजच्या जावास्क्रिप्टच्या मानकात त्या खुणांना रीतसर जागा आहे. भाषेच्या पहिल्या दिवसांतली एक चूक अशी की ‘नल’ या रिकाम्या मूल्याचा प्रकार विचारला तर उत्तर ‘ऑब्जेक्ट’ येतं. ती सुधारण्याचा प्रस्ताव येऊन गेला आणि नाकारला गेला, कारण कुणाचं तरी जुनं पान त्या चुकीवर उभं असणार.

२०१८चं उदाहरण याहून बोलकं आहे. भाषेत ‘फ्लॅटन’ नावाची नवी सोय येणार होती. चाचणीच्या ब्राउझरमध्ये ती आली आणि एक साइट मोडली. तिथे मूटूल्स नावाची लायब्ररी होती, तिचा वापर ओसरून गेला होता, आणि तिने याच नावाची स्वतःची सोय त्याच जागी बसवलेली होती. जगातल्या मोठ्या कंपन्यांचे तज्ज्ञ एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कुणी तरी कधी तरी लिहून विसरलेली पानं. तज्ज्ञांनी माघार घेतली, सोयीचं नाव ‘फ्लॅट’ ठेवलं. त्याआधी ‘कंटेन्स’ या नावाचंही असंच ‘इन्क्लूड्स’ झालं होतं, आणि तेही मूटूल्समुळेच. नव्या पद्धतीची मॉड्यूल स्क्रिप्ट २०१७-१८मध्ये ब्राउझरांत आली तेव्हा तिला कडक नियम लावले : आपोआप ‘डिफर’, दुसऱ्या साइटवरून आणायची तर त्या साइटची संमती हवी. पण जुन्या टॅगला हात लावला नाही. सुधारणा नव्या दाराने आली, जुनं दार पूर्वीसारखंच उघडं राहिलं. ज्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीचा फोन टाकाऊ ठरतो, त्या क्षेत्रात तीस वर्षांपूर्वीचं पान आज उघडतं, हा मोठा चमत्कार आहे आणि तो या हट्टाने घडवला आहे.

आता या भोळेपणाचा गैरफायदा कसा घेतला गेला तेही स्पष्ट सांगायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबर २०१८मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका लायब्ररी फाइलच्या शेवटी २२ ओळी कुणी तरी जोडल्या. पैसे भरण्याचं बटण दाबलं की कार्डाचा तपशील चोरांच्या सर्व्हरवर जाऊ लागला. चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती उघडी पडली, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पाउंडांचा दंड केला. दुसरी घटना जास्त दुःखद आहे. ‘पॉलिफिल’ नावाची एक सेवा जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवण्यासाठी निघाली होती. ब्राउझर कोणता ते पाहून ती त्याला लागेल तेवढीच स्क्रिप्ट पाठवायची. फेब्रुवारी २०२४मध्ये तिचं डोमेन एका चिनी कंपनीकडे गेलं. सेवा सुरू करणाऱ्याने तेव्हाच जाहीरपणे बजावलं की आता ती कुणाला लागत नाही, काढून टाका. जूनमध्ये उघड झालं की तीच फाइल मोबाइलवरच्या लोकांना सट्ट्याच्या साइटांकडे पळवते आहे, ठरावीक वेळीच पळवते, आणि साइटचा चालक स्वतः पाहत असेल तर गप्प बसते. लाखाहून अधिक साइटांवर ती ओळ होती. एकाही साइटमालकाने आपल्या पानात काही बदललं नव्हतं.

या दोन्ही प्रसंगांत ब्राउझरवर खापर फोडणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. ब्राउझरने सांगितलं तेच केलं. त्याला सावध करण्याची साधनं आपल्या हातात आहेत. २०१६पासून मानक झालेला ‘इंटिग्रिटी’ गुणधर्म वापरून फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा टॅगमध्ये लिहिला की तो जुळल्याशिवाय ब्राउझर ती चालवत नाही; एका अक्षराचा फरक पडला तरी नाही. पॉलिफिलला हा उपाय लागू पडत नव्हता, कारण प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल जात होती, आणि जिचा ठसा घेता येत नाही अशी फाइल परक्याकडून मागवू नये, हाच त्या घटनेचा धडा आहे. कुठल्या पत्त्यांवरून स्क्रिप्ट घ्यायच्या याची यादी साइट ब्राउझरला देऊ शकते, आणि ब्राउझर ती काटेकोर पाळतो. सार्वजनिक सर्व्हरवरची लायब्ररी घेतली तर ती वाचकाकडे आधीच साठवलेली असेल, हे जुनं कारणही आता उरलेलं नाही. क्रोमने २०२०मध्ये हा साठा साइटनिहाय वेगळा केला. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवण्यात आज काही तोटा नाही.

म्हणून ब्राउझरला शहाणं करा, परवाना नसलेली एकही ओळ चालू देऊ नका, अशी मागणी कुणी केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन. परवाना देणारा कुणी तरी लागेल, आणि गमभनसारखी सोय त्याच्या दारात ताटकळत बसेल. ब्राउझरने भोळं राहावं. शहाणपण पान लिहिणाऱ्याने दाखवायचं आहे, कारण बोलावणं त्याचं आहे, आणि चोरी होते ती त्याच्यावर विश्वास ठेवून आलेल्या वाचकाची. ज्याच्या हाती एखादी साइट आहे, त्याने आज तिचा सोर्स उघडावा आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या ओळीपाशी विचारावं : ही फाइल कुणाची आहे, ती अजून लागते का, आणि ती उद्या बदलली तर मला कळेल का? ज्या ओळीपाशी उत्तर देता येत नाही, ती ओळ त्याने काढून टाकावी.